ताज्या रक्तावर रेघ नाही

यवतमाळ
२३ एप्रिल २०२५

दादा,

जय भीम घे. पाकिटावर माहं अक्षर पाहून फाडशील असं मनात आलं, म्हणून पत्ता छापून चिकटवला. आता उघडलंच आहे तं वाच.

फोनच केला असता. पण तीन वर्षांपासून माहा नंबर तुह्या फोनले लागत नाही. आईच्या फोनवरून लावावं तं आई बाजूले बसून सगळं ऐकते अन् संध्याकाळपर्यंत बोरी अरबच्या अर्ध्या वस्तीले सांगते. मंग राह्यलं पत्र.

वर्षावहिनी कशी आहे? उलट्या थांबल्या का? माह्या मोजणीनं काल तेरा आठवडे झाले. तिकडं पुण्याच्या डॉक्टरीणबाईनं रक्ताच्या कोणत्या कोणत्या तपासण्या केल्या? सिकलसेलची केली का? का वहिनीनं सांगतलं की "घरच्याच पोरीनं केली, काही नाही निघालं", अन् बाईनं सोडून दिली? सहज विचारून राह्यली. कामाची सवय आहे.

इकडचं सांगते. तुले माहीत आहे का नाही कोण जाणे, मी दीड वर्षापासून राठोड सरांच्या लॅबमध्ये आहे. आम्ही सिकलसेल ओळखायची कागदाची पट्टी करून राह्यलो. रक्ताचा थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं. वरची रेघ नेहमीच येते, ती फक्त पट्टी चालू आहे हे सांगते. खालची आली तं रक्तात सिकल आहे. मशीन नको, करंट नको, मोठ्या दवाखान्यात चकरा नको. गावात, अंगणवाडीत, कुठंही. आपल्या धाकटीच्या, प्रियंकाच्या वेळी असं काही असतं तं, असं मले रोज वाटते.

काल कळंबकडच्या मैनाबाई लॅबमध्ये आलत्या. सिकलच्या पक्क्या रोगी, लहानपणापासूनचं कार्ड आहे त्यांचं. सर म्हणाले, "दीपा, त्या आल्याच आहेत तर ताजं रक्त घे आणि पट्टी लावून बघ." मी लावली. वरची रेघ आली. खालची आली नाही. दुसरी लावली. नाही. तिसरी. नाही. मैनाबाई हसून म्हणते, "काय वं पोरी, बरी झाली का मी?" मले हसू नाही आलं.

त्या गडबडीत रक्ताची नळी फ्रीजमध्ये ठेवायची राहून गेली. खिडकीत पडली होती, त्रेचाळीस डिग्रीत. आज सकाळी त्याच नळीतला थेंब टाकला तं खालची रेघ आली. चांगली ठळक.

दादा, मले भेव लागून राह्यलं. काहून लागलं ते आज लिहिता येत नाही. वहिनीची तपासणी झाली का तेवढं कळव.

दीपा


यवतमाळ
२८ एप्रिल २०२५

दादा,

चूक कुठं झाली ते सापडलं. तुले यातलं काही ऐकायचं नसन, पण मले सांगायले दुसरं कोणी नाही. लॅबमध्ये बोलते ते सगळं अर्धं बोलते.

त्या पट्टीचा जीव म्हणजे अँटिबॉडी. आपल्या अंगात तयार होते ती, एकाच गोष्टीले ओळखते अन् जाऊन चिकटते. आम्ही कंपनीकडून नळीत मागवतो, तळाले नखाएवढं पाणी असते. सिकलच्या हिमोग्लोबिनले चिकटणारी अन् चांगल्या हिमोग्लोबिनले हात न लावणारी अशी अँटिबॉडी पाह्यजे होती. निवडायचं काम सरांनी मले दिलं. गेल्या डिसेंबरातली गोष्ट.

माह्यासमोर तीन होत्या. पहिली कोणत्याही हिमोग्लोबिनले चिकटे. माणसाचं काय, म्हशीचंही धरे. ती आपल्या कामाची नाही. दुसरी फक्त सिकलले धरे अन् कंपनीनं ताज्या रक्तावर तपासलेली होती, पण यायले सात आठवडे लागणार होते. तिसरी नऊ दिवसांत येत होती. तिच्या माहितीपत्रकात फोटो होता, काळीभोर एकच रेघ, पाहूनच माणसानं खुश व्हावं. अन् जानेवारीच्या शेवटी सरांले समितीपुढं पट्टी दाखवायची होती.

मी तिसरी निवडली. सर म्हणाले, "खात्री आहे का?" मी म्हणाली, "हो सर, पक्की."

त्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही अँटिबॉडी उकळलेल्या नमुन्यावर तपासलेली आहे. मी ते वाचलं होतं, दादा. नजरेतून सुटलं असं म्हणता येत नाही मले. वाचलं अन् पुढं गेली.

उकळलं की हिमोग्लोबिनची गुंडाळी सुटते. ताज्या रक्तात ते गच्च गुंडाळून असते. लुगड्याच्या घडीच्या आत डाग असावा, वरून पाहणाऱ्याले काय दिसणार? तसं. रक्त उन्हात शिळं झालं की घडी सैल होते, मंग अँटिबॉडीले तो डाग दिसते.

तरी इतके महिने सगळं बरोबर काहून येत होतं? तेच तं सांगून राह्यली. रोग्यांचं रक्त दारव्हा, कळंब, आपल्या बोरी अरबच्या कॅम्पमधून येई. सकाळी घेतलेलं, डब्यातला बर्फ दुपारपर्यंत पाणी झालेला, जीपमधून यष्टीत, यष्टीतून ऑटोत. लॅबमध्ये पोहोचेपर्यंत त्याचा चहा झालेला असे. अन् निरोगी माणसाचं रक्त पाह्यजे असलं की आम्ही एकमेकांचं घेत होतो. मी, सर, शिपाईमामा. सुई काढली की थेंब पट्टीवर. म्हणजे रोगी सगळे शिळे अन् निरोगी सगळे ताजे. रोग्यांची रेघ आली, आमची नाही आली. आम्ही पेढे वाटले.

सरांले मी मैनाबाईचं त्याच दिवशी सांगतलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तं बरं झालं असतं. म्हणाले, "पट्ट्या बंद. ज्यांचं ज्यांचं ताज्या रक्तावर तपासलं, त्यांची यादी दे. सगळ्यांची मोठ्या मशीनवर परत तपासणी करू." मी यादी दिली. अकरा नावं आहेत. सगळी लॅबमधली.

वहिनीची तब्येत कळव. नाही तं आईले तरी सांग, मी तिच्याकडून काढून घेईन.

दीपा


यवतमाळ
४ मे २०२५

दादा,

यादीत बारा नावं पाह्यजे होती.

आज लिहिते. आज नाही लिहिलं तं मंग कधीच होत नाही माह्यानं.

मार्चमध्ये वहिनी कळंबले माहेरच्या लग्नाले आलती, तुले सुट्टी नव्हती. अठरा तारखेले आई तिले घेऊन माह्याकडं आली. तुले न सांगता आली, त्यात वहिनीचा दोष नाही. आई दारातच म्हणाली, "दीपे, हिले दोन महिने झाले. आपला धम्मा वाहक आहे. हिचं रक्त तुह्या मशीनीत टाकून पाह्य. मोठ्या दवाखान्यात नेलं तं चारचौघांत होते, अन् मंग मांगच्यासारखं होते."

मांगच्यासारखं. तुह्या साक्षगंधाचं म्हणत होती ती. मलेही समजलं, वहिनीलेही समजलं. वहिनी खाली मान घालून पर्सची चेन उघडझाक करत होती.

तीन वर्षांत मी तुले एकदाही सांगतलं नाही, आता ऐक. दारव्ह्यात त्या मंडपात मी उभी राहून बोलली की माहा भाऊ वाहक आहे, त्याले त्रास नाही पण रक्तात सिकल आहे, प्रेरणाची तपासणी झाल्याशिवाय साखरपुडा होऊ देणार नाही. ते खोटं नव्हतं. तिची तपासणी झाली अन् तीही वाहक निघाली. पण दोनशे माणसांसमोर, माईक चालू असताना, ताटं वाढून झालेली असताना बोलायची ती गोष्ट नव्हती. तू आदल्या रात्री मले म्हणाला होतास, "मी बोलतो तिच्याशी, मले दोन दिवस दे." मी दोन दिवस दिले नाहीत. मले तेव्हा प्रियंका दिसत होती. बारावीच्या पेपरच्या सकाळी खाटेवर पाय आपटत होती ती, अन् ओरडत होती, "आई, हाडं फोडून काढा माही." तुह्या घरी तसं लेकरू ओरडताना मले ऐकवलं नसतं. पण तुहं मन होतं तिच्यावर, हे मले माहीत होतं अन् तरी मी बोलली. मले माफी मागायची आहे. या पत्रात ती बसत नाही, पण मागते.

तं अठरा मार्च. आमचा नियम असा की पट्टी अजून परीक्षेत आहे, तिचा निकाल कोणालेच सांगायचा नाही. कॅम्पमधल्या लोकाईले मोठ्या मशीनचाच निकाल देतात. वहिनीचं नाव मी वहीत घेतलंच नाही. सर जेवायले गेलते. मी तिले माह्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, स्वतः सुई टोचली, एक टिपूस खाली पडू दिला नाही. बाकीच्यांचं रक्त यष्टीत तापून येते, हे तं घरचं माणूस. मी नळी हातात धरूनच पट्टीकडं वळली. अर्ध्या मिनिटात थेंब पट्टीवर. सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात त्या दिवशी तिच्याइतकं ताजं रक्त कोणी तपासलं नसन.

खालची रेघ आली नाही.

मी आईले मिठी मारली. म्हणाली, "वहिनी साफ आहे. आता बिनधास्त राहा." आईनं तिथंच डोळे पुसले. वहिनी माह्याकडं पाहत राह्यली अन् म्हणाली, "नक्की ना, ताई?" मी म्हणाली, "नक्की." माह्या तोंडून हा शब्द किती सहज निघते, पाह्य.

आता तूच सांग दादा, तिच्या रक्तात सिकल असती तरी ती रेघ आली असती का?

कदाचित ती खरंच साफ असन. दर दहा माणसांत आठ-नऊ साफच असतात. हेच घोकत मी बारा दिवस काढले. पण तू वाहक आहेस. तीही वाहक निघाली तं दरवेळी चारातलं एक लेकरू प्रियंकासारखं. कॅम्पमध्ये हे वाक्य बोलून बोलून माही जीभ झिजली, अन् घरात बोलताना ती उचलत नाही. पोटातल्या लेकराची तपासणी होते, पण वारेचा तुकडा घेऊन होते ती चौदाव्या आठवड्याच्या आतच करतात. मैनाबाई आल्या त्या दिवशी वहिनीले तेरा झालते. तेव्हा पाच-सहा दिवस होते हातात. आज नाहीत. आता पोटातलं पाणी काढून करावी लागेल, तीही सोळा आठवड्यांनंतर.

वहिनीची नळी फ्रीजमध्ये आहे, मांगच्या कप्प्यात. रोज दार उघडते अन् बंद करते.

दीपा


यवतमाळ
१२ मे २०२५, बुद्ध पौर्णिमा

दादा,

आज विहारात गेलती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी माहा आवाजच गेला. खोटं बोलणार नाही, हे लहानपणापासून आपण किती जोरात म्हणत होतो, आठवते? तू तं सगळ्यात जोरात. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय झालं वं, घसा बसला का?" मी म्हणाली हो. तिथंही खोटंच.

नळी उघडली मी.

शुक्रवारी उघडली. थोडं रक्त काढून उकळलं, पट्टीवर टाकलं. दहा मिनिटं घड्याळाकडं पाहत राह्यली, पट्टीकडं पाह्यलंच नाही. मंग पाह्यलं. खालची रेघ होती. बारीक होती, पण होती.

तरी मन मानेना. म्हटलं, आपलीच पट्टी, तिच्यावर आता कायले भरवसा ठेवायचा? उरलेलं रक्त नुसत्या नंबरावर मोठ्या मशीनले लावलं. शनिवारी कागद आला. वाहक. दादा, वहिनी वाहक आहे. दोघंही वाहक आहा तुम्ही.

कागद माह्या पर्समध्ये आहे. झोपताना पर्स उशाशी घेते, जसं काही तो कोणी चोरून नेणार आहे.

तू म्हणशील, मंग फोन काहून नाही केला? माहा नंबर बंद आहे, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते तुह्या फोनपुरतं खरं आहे. वहिनीचा नंबर आहे माह्याकडं. मार्चपासून आहे. तिनंच दिला होता, म्हणाली, "ताई, ह्याईचा राग ह्याईपाशी. तुम्ही मले फोन करत जा." खोटं कायले बोलू आता. रोज काढते तिचं नाव अन् हिरव्या बटणावर बोट ठेवून बसते.

मले कायचं भेव आहे ते आज सगळं सांगते. लेकराचं आहे. ते पहिलं. पण त्याच्या मांगं लपून दुसरं आहे. एकदा खरं बोलून मी तुहं लग्न मोडलं. आता खोटं सांगून तुह्या लेकराचा वेळ घालवला. हे कळल्यावर तू माहं नावही घेणार नाहीस. आज निदान शिवी देण्यापुरतं तरी घेत असशील.

सरांले सांगतलं तं नोकरी जाईल, तेही आहे. पण ते तिसरं आहे, शपथ.

उद्या करते फोन. नक्की.

दीपा


यवतमाळ
२२ मे २०२५

दादा,

ही शेवटची अन् खरी चिठ्ठी. आधीच्या चारही याच पाकिटात आहेत, कारण त्यातली एकही मी टाकली नव्हती. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा गेली. एकदा तं पाकीट अर्धं आत घातलं अन् परत ओढलं. चारही अँटिबॉडीच्या रिकाम्या खोक्यात पडून होत्या.

तुले आता बरंच माहीत आहे. पण तुले जे माहीत आहे त्यातलं एक खोटं आहे, म्हणून हे लिहिते.

पंधरा तारखेले, गुरुवारी, वहिनीले फोन लावला. एका दमात सांगतलं. पट्टी चुकली, तुमच्या रक्तात सिकल आहे, लगेच पोटातल्या पाण्याची तपासणी करावी लागेल. वाटलं ती रडेल, ओरडेल. तिकडून दार लावल्याचा आवाज आला. मंग म्हणाली, "मले माहीत होतं, ताई."

नववीत असताना शाळेत कॅम्प झालता. तेव्हाच तिले वाहकाचं कार्ड मिळालं होतं. लग्नाच्या वेळी तिनं ते लपवलं, कारण साक्षगंधाची गोष्ट तिच्या कानावर आलती अन् आपलंही तसंच होईल असं तिले वाटलं. दिवस गेले तेव्हा मात्र तिनं ठरवलं की आता सांगायचं. अठरा मार्चले ते कार्ड पर्समध्ये घेऊनच ती माह्यासमोर बसली होती. "तुम्ही म्हणाल्या साफ आहे," ती म्हणाली. "मले वाटलं शाळेतल्या कॅम्पवाल्याईचंच चुकलं असन. तुम्ही तं यवतमाळच्या लॅबवाल्या. पुण्याले परत जाताना ते कार्ड मी फाडून गाडीच्या खिडकीतून उडवलं, ताई. इतकी खुश होती मी."

दादा, माही पट्टी नसती, मी नसती, तं तिनं त्या दिवशी खरं सांगतलं असतं. नवव्या आठवड्यात तुम्ही डॉक्टरकडं गेले असते.

मंग तिनं विचारलं, "तुम्हाले कधी कळलं हे?"

मी म्हणाली, "काल."

त्याच संध्याकाळी तुहा फोन आला. तीन वर्षांनी. स्क्रीनवर 'दादा' पाहून मले वाटलं आता शिव्या खायच्या, खाऊ. अन् तू म्हणालास, "दीपे." मंग म्हणालास, "वर्षानं मले सगळं सांगतलं, कार्डाचं बी. लपवलं म्हणून पाया पडत होती, येडी. अन् तू... तुले काल कळलं अन् आज फोन केला. तू तेव्हाही खरं तेच बोलली होती. मीच डोकं फिरवून घेतलं." तू रडत होतास. मी फोन धरून उभी होती अन् मनात म्हणत होती, सांग, आत्ता सांग. नाही सांगतलं. तीन वर्षांनी 'दीपे' ऐकलं होतं, सोडवलं नाही मले.

परवा नागपूरले दवाखान्यात आपण तिघं बाकावर बसलो होतो. आईनं दिलेली पोळी अन् ठेचा तू काढलास, अर्धी पोळी माह्या हातावर ठेवलीस, म्हणालास, "खा, सुकून गेलीस." मी ती कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. सुई टोचून पाणी काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "इतका उशीर का केला? तेराव्या आठवड्यात आले असते तर दुसरी तपासणी करता आली असती, आत्तापर्यंत निकाल हातात असता. आता हिला बाळाची हालचाल जाणवायला लागलीये." वहिनीनं पोटावर हात ठेवला होता. अन् तू माह्यापुढं उभा राह्यलास, दादा. आडवा उभा राह्यलास. म्हणालास, "मॅडम, माह्या बहिणीले आत्ताच कळलं. तिनं एक दिवस नाही लावला."

मी तेवीस दिवस लावले. बावीस एप्रिल ते पंधरा मे. बावीस एप्रिलले वहिनीले तेरा आठवडे झालते. त्या संध्याकाळी हिरवं बटण दाबलं असतं तं ती तपासणी झाली असती. तेव्हा लेकरू हलत नव्हतं. निकाल वाईट निघाला अन् तुम्हाले काही ठरवावं लागलं, तं ते हलणाऱ्या लेकरासंग ठरवावं लागेल, ते माह्यामुळं. वहिनीनं तिची चूक तुले तोंडावर सांगतली. माही तेवढी राह्यली.

सरांले काल सांगतलं. बारावं नाव, नियम मोडल्याचं, सगळं. त्यांनी वही पुढं केली अन् म्हणाले, "स्वतःच्या हातानं लिही." लिहिलं. पुढचं समिती ठरवेल. दुसरी अँटिबॉडी मागवली आहे, ती ताज्या रक्तावर तपासलेली. यायले सात आठवडे आहेत.

तुम्ही रिपोर्ट येईपर्यंत कळंबलेच आहा. यष्टीनं पाऊण तासाचा रस्ता, मी येऊन हे पाकीट तुह्या हातात देऊ शकली असती. पण तुह्यासमोर आली अन् तू परत 'दीपे' म्हणालास तं मी ते पर्समध्ये घालून, चहा पिऊन परत येईन. मले मी माहीत आहे. रिपोर्ट यायले अजून आठ दिवस आहेत. तो चांगला आला तं मी ही पत्रं जाळून टाकीन, म्हणीन झालं गेलं, आता कायले उकरायचं. वाईट आला तं तुह्या तोंडाकडं पाहून सांगायची हिंमत होणार नाही. म्हणून रिपोर्टच्या आधी टाकते. पोस्टाच्या खिडकीवरच बसून लिहून राह्यली, पाकीट तिथल्या बाईच्या हातात देऊनच उठीन.

वहिनीले वाचू दे का नाही ते तू ठरव. ती विचारेल तं खरं सांग.

वाचून झाल्यावर माहा नंबर परत बंद केलास तं मी आईकडं तक्रार करणार नाही. फक्त रिपोर्ट आला की आईले तेवढं कळव, दादा. मी तिच्या बाजूले बसून असीन.

दीपा